शिष्यत्वाचा परवाना : थायलंडचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, युवक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेची आधीची पुष्पे विद्वज्जनांनी गुंफली. त्यानंतर एका कापड दुकानदाराला येथे उभे करण्याचे धाडस संयोजकांनी केले आहे. कापडाच्या निमित्ताने माझे बँकॉकला जाणे-येणे असते. तेथील फाहुरात आणि साम्पेंग या पेठांत आपल्या पंजाबी शीख बांधवांची कापडाची जुनी दुकाने आहेत, त्यांच्याशी माझा परिचय आहे. म्हणून थायलंडच्या ‘पाच वर्षांच्या व्हिसा’विषयी आपल्याकडील मुले मला वारंवार विचारतात. मी वकील नव्हे, एजंट तर नव्हेच. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि उभा जन्म खतावणी लिहिण्यात गेला आहे. तेव्हा जे बोलेन ते जमाखर्चाच्या भाषेत बोलेन, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

हा विषय आजच का घ्यावा, असे काही ज्येष्ठांच्या मनात आले असेल. आपल्या परिसरातील मागांची खडखड पूर्वीसारखी राहिली नाही, हे आपण सारे जाणतो. मुले शिकली आहेत, हाताला काम हवे आहे आणि मोबाईलवर रोज कोणीतरी परदेशाचे दार उघडून दाखवतो. ‘मुष्टियुद्धाच्या क्लासचे पत्र आम्ही देतो, पाच वर्षे राहा, तेथेच नोकरी लावून देतो,’ असे सांगणारी माणसे आपल्या पेठेपर्यंत पोहोचली आहेत. या वाक्यातील कोणता भाग खरा आणि कोणता खोटा, हे पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण पैसे पालकांचे जातात.

प्रथम खरा भाग सांगतो. थायलंडच्या मंत्रिमंडळाने मे २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ मंजूर केला आणि १५ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. त्याला संक्षेपाने डीटीव्ही म्हणतात. वयाची २० वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी व्यक्तीस तो मिळू शकतो. मुदत पाच वर्षांची, त्या काळात कितीही वेळा ये-जा करता येते आणि प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते. तेथील इमिग्रेशन कचेरीत १,९०० बाथ भरून आणखी १८० दिवसांची वाढ एकदा मागता येते. ती देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. पाच वर्षांचा व्हिसा याचा अर्थ सलग पाच वर्षांचा मुक्काम असा मुळीच नाही, हा पहिला गैरसमज येथेच दूर करावा.

या व्हिसाला मुख्यतः दोन दारे आहेत. एक, परदेशातील कंपनीचे काम संगणकावरून करणाऱ्यांसाठी. दुसरे, ज्याला थाई शासन ‘सॉफ्ट पॉवर’ म्हणते, त्यासाठी. म्हणजे मुए थाई हे त्यांचे मुष्टियुद्ध, थाई पाककला, क्रीडा प्रशिक्षण, परिसंवाद, कला व संगीत महोत्सव, वैद्यकीय उपचार इत्यादी. यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी तेथील संस्थेने आपला स्वीकार केला आहे, असे पत्र अर्जासोबत जोडावे लागते. व्हिसाधारकाची पत्नी वा पती आणि वीस वर्षांखालील मुले यांनाही त्या आधारे अर्ज करता येतो. मात्र प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे.

एखादा देश स्वयंपाक शिकायला येणाऱ्याला सहा-सहा महिने का राहू देतो, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. पुण्यात १९७५ साली आयंगार गुरुजींनी योगसंस्था उभारली आणि जगभरातून माणसे तेथे शिकायला येऊ लागली. लोणावळ्याच्या कैवल्यधामाला तर शंभर वर्षे होऊन गेली. भारत सरकारही पर्यटक व्हिसावर अल्पकालीन योगवर्ग आणि संगीत, नृत्य, हस्तकला, पाककला यांचे सहा महिन्यांपर्यंतचे अनौपचारिक शिक्षण घेऊ देते. जपाननेही चहापानविधी, पुष्परचना, ज्युदो अशा विद्या जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक उपक्रम’ या नावाचा स्वतंत्र निवासाधिकार ठेवला आहे. अट एवढीच की त्यातून कमाई करायची नाही. आणि आपल्या कोल्हापूरचे उदाहरण तर घरचेच. बाहेरगावची पोरे तालमीत येऊन राहतात, लाल मातीत घाम गाळतात. वस्तादाने होकार दिला की गावही त्यांना आपले मानते. पाहुणा म्हणून आलेला माणूस आठ दिवसांत जातो. शिष्य म्हणून आलेला मुक्काम करतो, खर्च करतो आणि परत गेल्यावर त्या गावाचे गुण गातो. थाई शासनाने हा हिशेब ओळखला आहे.

मुए थाईविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण एजंटांची पत्रे बहुधा याच विद्येची असतात. दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे आणि दोन नडग्या अशी आठ अंगे वापरून खेळायची ही विद्या आहे. बँकॉकचे राजदम्नेर्न मैदान १९४५ सालापासून तिचे माहेरघर आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. मला स्वतःला मारामारीचे खेळ पाहवत नाहीत. तरी लढतीपूर्वीचा विधी मी आवर्जून पाहिला. खेळाडू डोक्याला मंतरलेली वेटोळी पट्टी बांधतो, वाद्यांच्या ठेक्यावर मंद पावले टाकतो आणि गुडघे टेकून गुरूला नमस्कार करतो. या विधीचे नाव ‘वाय ख्रू’. यातला ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरु’ शब्दच. प्रशिक्षणासाठी प्रत्यक्ष लढत खेळलीच पाहिजे असे नाही. व्यायाम आणि पॅडवरचा सराव एवढ्यावर अनेक परदेशी शिष्य थांबतात. ज्याचे मन घेईल त्याने शिकावे. पण सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दोर-उड्या, धावणे आणि नडग्यांना सूज येईपर्यंत सराव, हे ज्याला झेपणार नाही त्याने त्या पत्राच्या वाटेला जाऊ नये.

पाककलेच्या बाबतीत आपल्यापुढे वेगळीच अडचण उभी राहते. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ हा माशाचा खारट अर्क मिठासारखा वापरतात आणि आमटीच्या वाटणात ‘कापी’ हा कोळंबीचा खर्डा असतो. भाजीचा पदार्थ म्हणून समोर आलेल्या वाटीतही ते असू शकतात. म्हणून केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. तेथे एक शब्द मात्र आपल्या उपयोगाचा आहे, तो म्हणजे ‘जे’. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला असतो. चिनी परंपरेच्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे प्रथम ऐकले तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण बटाटा, गाजर, मुळा हे त्यांना चालतात, तेव्हा कंदमुळांचे आपले आपण विचारावेच लागते. चिआंग माई या उत्तरेकडील शहरात केवळ शाकाहारी पदार्थ शिकवणारे वर्गही आहेत. ज्या गृहिणीला वा तरुणाला आपल्याकडे येऊन उपाहारगृह काढायचे असेल, तिच्या-त्याच्या दृष्टीने ते शिक्षण कामाचे आहे.

तिसरी विद्या मला सर्वांत जवळची वाटते, ती म्हणजे ‘नुआद थाई’, त्यांचे पारंपरिक अंगमर्दन. आपल्याकडे या शब्दाभोवती काही भलत्या कल्पना आहेत, त्या बाजूला ठेवाव्यात. २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. बँकॉकच्या वाट फो या मंदिरात तिसऱ्या रामाच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शरीरातील नाड्यांच्या आकृत्या दगडी फलकांवर कोरून ठेवल्या आहेत. तेथील पारंपरिक वैद्यकशाळा १९५५ पासून चालू आहे. आणि या विद्येचे आद्यगुरू म्हणून थाई मंडळी कोणाला वंदन करतात? मगधाच्या राजगृहातील वैद्य जीवकाला! बौद्ध ग्रंथांनुसार तो राजा बिंबिसाराचा वैद्य. हा बिंबिसार म्हणजे ज्याला आपण भगवान महावीरांच्या समवसरणातील श्रोता म्हणून ओळखतो, तो राजा श्रेणिक. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजगृहाचे नाव बँकॉकच्या वर्गात रोज आदराने घेतले जाते, हे आपल्या किती जणांना ठाऊक असेल?

माझी एक पुतणी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. ती चिआंग माईला ही विद्या शिकायला गेली. जाण्यापूर्वी तिने शाळेला पत्र लिहून अभ्यासक्रमाचे तास, स्तर आणि वेळापत्रक मागवले. असा अभ्यासक्रम ग्राह्य धरला जातो का, हे दूतावासाला आधी विचारले आणि मगच पैसे भरले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कोणता वर्ग आणि किती महिन्यांचा वर्ग मान्य करायचा, याबाबत प्रत्येक दूतावासाची रीत थोडी निराळी असते. केवळ थाई भाषा शिकायची असेल तर त्यासाठी शिक्षणाचा वेगळा व्हिसा आहे. परत आल्यापासून ती आपल्या दवाखान्यात पाठीच्या रुग्णांसाठी या विद्येचा उपयोग करते.

मात्र शिकलेली विद्या तिला थायलंडमध्ये विकता आली नसती, आणि येथेच एजंटाच्या वाक्यातील खोटा भाग सुरू होतो. परदेशी व्यक्तींना पूर्णपणे निषिद्ध असलेल्या व्यवसायांची एक यादी थाई शासनाने केली आहे. त्यात थाई मसाज आहे, पर्यटकांचा वाटाड्या होणे आहे, फिरून माल विकणे आहे. आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष म्हणजे हाताने कापड विणणे आणि रत्नांना पैलू पाडणे हीदेखील कामे त्या यादीत आहेत. बँकॉकच्या रत्नव्यापारात जैन कुटुंबे वर्षानुवर्षे आहेत. म्हणून कोणी आपल्या मुलाला ‘तिकडे जा, पैलूकाम शिकता-शिकता कमव’ असे सुचवत असेल तर त्याने ही यादी वाचावी. इतर नोकऱ्यांसाठीही तेथील मालकामार्फत कामाचा परवाना आणि त्यासाठीचा निराळा व्हिसा लागतो. डीटीव्हीवर थाई मालकाकडे पगारी काम करणे हा गुन्हा आहे. शिष्याला तेथे जागा आहे, नोकर म्हणून त्याच कागदावर नाही.

गेल्या वर्षी आपल्याच परिसरातील एका सद्गृहस्थांनी दोन माग विकून मुलासाठी एका एजंटाला अडीच लाख रुपये दिले. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. एजंटाने मुए थाईच्या वर्गाचे पत्र आणले, मुलाच्या खात्यात आठ दिवसांपुरती रक्कम भरून बँकेचा उतारा काढला आणि अर्ज केला. दूतावासाकडून विचारणा झाली : वर्ग कोणत्या शहरात आहे, आठवड्यातून किती दिवस आहे, यापूर्वी कोठे सराव केला? मुलाला शहराचे नावही धड सांगता आले नाही. अर्ज नामंजूर झाला. शुल्क परत मिळत नाही. एजंटाकडची रक्कमही आली नाही. तो मुलगा वाईट नाही, कष्टाळू आहे. त्याला जर कोणी खरेच सहा महिने तालमीत घातले असते तर तो टिकला असता, असे मला वाटते. त्याला फक्त एवढेच सांगण्यात आले होते की पत्र हा एक उपचार आहे. माग परत येत नाहीत. त्यांच्या घरात आता ती जागा मोकळी आहे.

आता पैशाचे पाहू. अर्जदाराच्या खात्यात पाच लाख बाथ इतकी शिल्लक असल्याचा पुरावा लागतो. एका बाथला पावणेतीन रुपये धरले तर ही रक्कम पावणेचौदा लाख होते. ती कोणाला द्यायची नाही, केवळ दाखवायची. आपल्या येथील बँकेतील शिल्लक चालते. पण मागील काही महिन्यांचे उतारे पाहिले जातात. ३१ मार्चला ताळेबंद सजवण्याची युक्ती ज्यांना माहीत आहे, त्यांना हेही माहीत असेल की ती युक्ती उलगडायला हुशार हिशेबनीसाला पाच मिनिटे पुरतात. मूळ शुल्क दहा हजार बाथ, म्हणजे त्याच दराने साडेसत्तावीस हजार रुपये. अर्ज थायलंडच्या बाहेरून करायचा असतो. भारतातून १ जानेवारी २०२५ पासून तो शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर घरबसल्या करता येऊ लागला आहे. मग एजंट कशासाठी लागतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

कराचा मुद्दा मात्र कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस वा अधिक काळ थायलंडमध्ये राहिलेली व्यक्ती तेथील कररहिवासी ठरते. आणि १ जानेवारी २०२४ पासूनचे परदेशी उत्पन्न अशा व्यक्तीने थायलंडमध्ये आणले, तर त्यावर तेथे कर लागू होऊ शकतो. व्हिसा देतो १८० दिवस आणि कर लागतो १८० दिवसांवर, ही गंमत ध्यानात घ्यावी. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तरी विवरणपत्रे भरण्याची दगदग कोणी चुकवत नाही. माझ्या पुतणीला मी एक सोपा हिशेब करून दिला. १ ऑक्टोबरला तेथे उतरायचे, २८ मार्चला निघायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवस, जानेवारी ते २८ मार्च ८७ दिवस, एकूण १७९. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा गेली तरी त्या कॅलेंडर वर्षात ८७ आणि ९२ मिळून १७९ च होतात. आपल्याकडील आर्थिक वर्षात ती १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात राहते, म्हणजे येथील कररहिवासी कायम. लीप वर्षी मात्र फेब्रुवारी एक दिवस वाढवतो, तेव्हा २०२८ मध्ये एक दिवस आधी निघावे! या वेळापत्रकात पर्युषणही घरी होते आणि चिआंग माईला साधारण फेब्रुवारीपासून शेते व जंगले जाळल्याचा जो धूर दाटतो, त्याचा निदान शेवटचा भाग टळतो. फक्त दिवाळी बाहेर जाते. दुकानदाराच्या घरातील माणसाला तेवढे जड जाईल, माझ्यासारख्याला तर अशक्यच.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी घाईने सांगून टाकतो, कारण दंड त्यांच्यापायी होतो. १ मे २०२५ पासून आगमनाचे पत्रक डिजिटल झाले आहे, ते निघण्यापूर्वी भरावे. घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद चोवीस तासांत करायची असते. ती झाली की नाही हे आपणच विचारावे, कारण मुदतवाढ मागताना ती पावती दाखवावी लागते. सलग नव्वद दिवस झाले की पत्ता कळवावा. मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड. नव्वद दिवसांवर गेल्यास स्वतःहून हजर झाले तरी एक वर्ष प्रवेशबंदी, आणि पकडले गेल्यास अधिक.

भाषणापूर्वी काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले होते. एका भगिनीने विचारले आहे की त्यांची कन्या पुण्यातील कंपनीचे काम घरून करते, तिला चिआंग माईला राहून तेच काम करता येईल काय. येईल, आणि तिने त्यासाठी नृत्याच्या वा स्वयंपाकाच्या वर्गाचे पत्र आणू नये. तिचे दार पहिले आहे. कंपनीचे नेमणूकपत्र, परदेशातून काम करण्यास संमती आणि पगाराचे उतारे जोडावेत. संमती लेखी घ्यावी. अनेक कंपन्या संगणक देशाबाहेर नेऊ देत नाहीत.

दुसरी चिठ्ठी एका ज्येष्ठांची आहे : ‘कमाल वयाची अट आहे काय?’ नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी थायलंडचा निवृत्तांचा वेगळा व्हिसाही आहे. त्यात आठ लाख बाथ बँकेत किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते आणि काही शिकण्याची अट नसते. चिठ्ठी लिहिणारे आमचे मित्र येथेच तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी अंगमर्दन शिकायचे की निवृत्त म्हणून जायचे, हे वहिनींना विचारून ठरवावे. अर्जाची यादी मी दुकानात लिहून ठेवली आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा कोणीही यावे.